सेयूझ की कालिम्नोस?

प्रस्तरारोहणाच्या या दोन्ही ठिकाणी चुनखडीच, पण चढाईची तऱ्हा अगदी वेगळी. फ्रेंच आल्प्समधलं सेयूझ म्हणजे डोंगरमाथ्याला वेढणारा करडा-निळा कडा. तासभर खडी चढण चढल्यावरच दोराला हात लागतो. पाण्याने कोरलेल्या भोकांत दोन-तीन बोटं रोवायची, पाय नेमका ठेवायचा. दोर अडकवण्यासाठी खडकात ठोकलेल्या बोल्टमधलं अंतर मात्र छाती दडपवणारं. पडलात तर चांगलंच लांब पडाल. अमेरिकन प्रस्तरारोहक ख्रिस शर्माने २००१ मध्ये 'बियोग्राफी' हा जगप्रसिद्ध मार्ग इथेच पूर्ण केला.

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर गुहांचं राज्य. ग्रांदे ग्रोत्ता या प्रचंड गुहेच्या छतातून लवणस्तंभ लोंबतात. त्यांना मिठी मारायची, मधे गुडघा अडकवून हातांना विसावा द्यायचा. इथे बोटांपेक्षा खांदे आणि पोट आधी थकतात. पावसाच्या सरीतही गुहेत चढता येतं; फार पाऊस झाला की मात्र लवणस्तंभ पाझरतात. बोल्ट बहुधा जवळजवळ.

उन्हाळ्यात जायचं तर सेयूझ, वसंतात किंवा शरदात कालिम्नोस. पहिल्यांदाच चुनखडीवर जाणाऱ्याला मी बेटच सुचवेन: सोपे मार्ग भरपूर, पायपीटही कमी. दोर लांब घ्या आणि टोकाला गाठ मारा, दोन्हीकडे.