यिशिंगचा मातीचा टीपॉट: नऊ महिन्यांचा अनुभव, त्यात कोकणातला एक अख्खा पावसाळा

भाचा जहाजावर असतो, गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा शांघायहून माझ्यासाठी हा टीपॉट घेऊन आला. जेमतेम दीडशे मिलीचा, मुठीत मावेल एवढा, आणि रंग अगदी आमच्या जांभ्या चिऱ्यासारखा. आता फेब्रुवारी संपत आला, म्हणजे नऊ महिने झाले, जवळजवळ रोज वापरलाय. आम्ही गुहागरजवळ राहतो, समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर, हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

यिशिंग हे चीनच्या च्यांगसू प्रांतातलं शहर, ताई सरोवराच्या पश्चिमेला. तिथल्या मातीला झिशा म्हणतात, म्हणजे जांभळी वाळू, आणि मिंग राजवटीपासून, साधारण 16व्या शतकापासून, तिथे हे टीपॉट बनतायत. आपल्या माठापेक्षा खूप जास्त, 1100 ते 1200 अंशांवर भाजतात, त्यामुळे माठासारखा पाझरत नाही. पण आतून बाहेरून ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, अजिबात नाही, म्हणून चहाचा वास आणि तेल हळूहळू मातीत मुरत जातं. याच कारणाने एका पॉटमध्ये एकाच जातीचा चहा करायचा असतो. माझा उलाँगचा, म्हणजे अर्धवट आंबवलेल्या चिनी चहाचा आहे.

आणला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, अगो आधी तांदळाच्या धुवणात ठेव दोन दिवस, मातीचं भांडं असं कोरंच काय वापरतात? त्यांचं आपल्या मडक्यांसाठी शंभर टक्के बरोबर आहे, पण तिथे पेजेने मातीची बारीक छिद्रं बुजवायची असतात आणि इथे तीच मोकळी हवी असतात, शिवाय स्टार्च आत राहिला तर आपल्या हवेत त्याला बुरशी धरणारच. मी पातेल्यात तळाला फडका घातला, गार पाण्यात पॉट आणि झाकण वेगवेगळं ठेवून मंद आचेवर अर्धा तास उकळलं, मग ते पाणी टाकून चमचाभर उलाँगच्या पाण्यात परत तेवढाच वेळ. पाण्याला रंग सुटला नाही की रंगासारखा उग्र वास आला नाही, म्हणजे माती चांगली आहे एवढी खात्री झाली. ऑनलाइन घेणार असाल तर उकळतं पाणी ओतून वास आधी घ्या, पॉलिशचा किंवा केमिकलचा वाटला तर सरळ परत करा.

चहा कसा होतो, तर खूप सुंदर. पाच ग्रॅम पानं, आधी गरम पाण्याने पॉट शेकून घ्यायचा, ते पाणी ओतून टाकायचं (थंडीत गार पॉटमध्ये एकदम उकळतं पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो), मग पहिला चहा पंचवीस सेकंदांत ओतायचा. त्याच पानांचे पाच-सहा वेळा कप होतात आणि तिसरा सगळ्यात गोड लागतो. हाच चहा मी काचेच्या भांड्यातही करून बघितला, त्यात शेवटी जो तुरटपणा येतो तो इथे बराच कमी लागतो. दार्जिलिंगचा पहिल्या तोडणीचा हलका चहा मात्र यात अजिबात चांगला झाला नाही, माती उष्णता धरून ठेवते आणि त्याचा नाजूक वास मरतो, तो चिनी मातीच्या कपातच बरा.

ओतताना झाकणावरच्या छोट्या भोकावर बोट ठेवलं की तोटीतून येणारी धार जागच्या जागी थांबते. झाकण किती नीट बसलंय ते यावरून कळतं. झाकण घसरून फुटायची भीती सतत असते म्हणून मी ते सुती दोऱ्याने कानाला बांधून टाकलंय.

पाणी विहिरीचं वापरते. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी गोडं आणि मऊ. बोअरचं पाणी महिनाभर वापरलं तर पॉटवर पांढरे डाग धरले आणि चहाही निबर लागायला लागला, ते बंद केलं.

आता खरं दुखणं. जिथे तिथे लिहिलेलं असतं की वापरून झालं की गरम पाण्याने विसळा, साबण लावू नका, वाळू द्या, झालं. हे कोरड्या हवेतल्या लोकांसाठी आहे. जुलैमध्ये मी आठ दिवस लेकीकडे ठाण्याला गेले, जाताना पॉट विसळून, पुसून, झाकण लावून काचेच्या कपाटात ठेवला. परत येऊन झाकण उघडलं तर कुबट वास, आणि तोटीच्या मुळाशी जी जाळी असते तिच्या भोकाभोकांत कापसासारखी पांढरट हिरवी बुरशी. वरून हात लावला तर पॉट कोरडा होता, पण तोटी खाली केल्यावर तिच्यातून एक थेंब टपकला, आठ दिवस तो थेंब आतच होता. खूप वाईट वाटलं, रडू यायचंच बाकी होतं. मऊ टूथब्रशने जाळी घासली, तीन वेळा ताजं पाणी घेऊन उकळला, पण श्रावणात ऊन कुठून आणायचं, म्हणून चुलीच्या वैलावर ठेवला तर वाळला छान पण धुराचा वास धरला आणि तो जायला पुढचे पंधरा दिवस गेले. तेव्हापासून पॉट स्वयंपाकघरात ठेवतच नाही, कारण धूर धरतो तसा तो बांगडे तळल्याचा वासही धरणार.

शेवटी उपाय घरातच सापडला. तांदूळ धुवायची बांबूची जुनी रोवळी होती, तिच्यात पॉट तोटी खाली करून आडवा ठेवते, झाकण बाजूला उताणं, आणि रोवळी माजघरात पंख्याखाली. खालून वरून वारा लागतो, तोटीतलं पाणी निथळून जातं. पावसात लाइट गेली की पडवीत, पण पागोळ्यांपासून लांब. ऑगस्टनंतर एकदाही बुरशी नाही.

गणपतीत आणखी एक झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं, कोणीतरी चांगल्या मनाने यात गवती चहा घातलेला दुधाचा चहा ओतून भटजींना दिला. मला संध्याकाळी कळलं. दूध मातीत मुरलं की आंबूस वास येतो आणि तो धुऊन जात नाही, म्हणून लगेच दोनदा उकळला, मग रोज उलाँगची वापरलेली पानं गरम पाण्यासकट रात्रभर न ठेवता तासभर ठेवायची आणि ओतून टाकायची, असं आठवडाभर केलं. वाचला. दूध रात्रभर तसंच राहिलं असतं तर वाचला नसता असं मला वाटतं.

लोक म्हणतात वर्षानुवर्षं वापरलेल्या पॉटमध्ये नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो. नऊ महिन्यांनी मी करून बघितलं, पाण्याला उलाँगचा मंद वास येतो, चव येत नाही. पण अंगावर तकाकी मात्र आलीये, रोज ओतून झाल्यावर गरम असतानाच ओल्या सुती फडक्याने पुसते त्याने, आणि आता तो उन्हात धरला की जांभा पावसात भिजल्यावर दिसतो तसा दिसतो.

एप्रिलमध्ये पंधरा दिवस पुण्याला जायचंय. पॉट निघायच्या आधी उकळून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून, रोवळीतच ठेवणार, झाकण वेगळं, वर पातळ पंचा. सासूबाईंनी स्वतःहून सांगितलंय की त्या रोज एकदा हात घालून बघतील.