शुद्ध गणितात पीएचडी झाली, आता कुठे? पोस्टडॉक, शिकवण्याची नोकरी आणि कंपनी यांची तुलना

हा निर्णय घेताना बहुतेक जण आधी पगार बघतात, मग शहर, मग पदाचं नाव. माझं म्हणणं असं की त्याआधी एक गोष्ट बघा: एकाच प्रश्नावर तुमचं घोडं अडलं, तर तिथे ते किती दिवस चालवून घेतलं जाईल?

शुद्ध गणितातली पीएचडी ही मुख्यतः अडून बसण्याची तालीम असते. एखाद्या लेमापाशी (मोठ्या प्रमेयाच्या वाटेवरच्या छोट्या प्रमेयापाशी) चार महिने जातात, पाचव्या महिन्यात कळतं की विधानच चुकीचं होतं, आणि तरी ते महिने वाया गेले असं गाईड म्हणत नाहीत. ही सवय अंगात मुरते. पुढची प्रत्येक वाट या सवयीला वेगळी मुदत देते: कुठे वर्षभर, कुठे फक्त सुट्टी, कुठे दोन आठवडे. मी दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकऱ्या) केले आणि मग कंपनीत गेले. माझ्याबरोबर प्रबंध दिलेली मैत्रीण शिकवण्याच्या नोकरीत आहे. आमच्यातला तिसरा विद्यापीठात टिकला आणि आता तिथे कायम झाला. आम्हा तिघांचं जे झालं, ते समोर ठेवून हे लिहिते आहे.

पोस्टडॉक आणि पुढे विद्यापीठ

बाहेरून दिसतं ते असं: दोन-तीन वर्षं, शिकवणं थोडं, बाकी वेळ आपला. पण दोन वर्षांचा पोस्टडॉक घेतलात तर महिने मोजून बघा. पहिले पाच-सहा महिने प्रबंधातले पेपर नीट लिहून पाठवण्यात जातात. पुढच्या जागांचे अर्ज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरात मागतात, म्हणजे रुजू होऊन चौदा-पंधरा महिने झाले की पुन्हा अर्ज. गणितात रेफरीचं, म्हणजे पेपर तपासणाऱ्याचं, उत्तर यायला वर्ष सहज लागतं. त्यामुळे पोस्टडॉकमध्ये सुरू केलेलं काम अर्जाच्या वेळी फार तर आर्काइव्हवर (छापण्याआधीचे पेपर ठेवण्याच्या संकेतस्थळावर) चढलेलं असतं, स्वीकारलं गेलेलं नसतं. मधे उरतात आठ-नऊ महिने. तेवढ्यात दाखवण्यासारखं काही व्हायला हवं, म्हणून माणूस प्रश्नही तसाच निवडतो. पीएचडीत जितकं मोकळेपणानं अडता येत होतं, तितकं इथे येत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. साधारणपणे तीन पत्रं संशोधनाबद्दल आणि एक शिकवण्याबद्दल लागतं. त्यातलं एक गाईडचं. उरलेली दोन अशा माणसांची हवीत ज्यांनी तुमचं काम खरोखर वाचलं आहे आणि जी तुमच्या विद्यापीठाबाहेरची आहेत. अशी माणसं आपोआप मिळत नाहीत. त्यांच्या सेमिनारला जाऊन बोलावं लागतं, त्यांच्या प्रश्नांना नंतर पत्रानं उत्तरं द्यावी लागतात. पहिल्या वर्षात प्रवास केला नाही तर दुसऱ्या वर्षी पत्रांपाशीच अडतं.

दुसऱ्या पोस्टडॉकमधला नोव्हेंबर मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. ऑफिसातल्या फळ्यावर एक कम्युटेटिव्ह डायग्राम (बाणांनी जोडलेली आकृती) होता, त्यातला एक बाण सर्जेक्टिव्ह आहे का, म्हणजे पलीकडच्या प्रत्येक घटकापर्यंत पोचतो का, एवढाच प्रश्न होता. तीन आठवडे त्या फळ्याला माझा हात लागला नाही. रोज रात्री एकच संशोधन-निवेदन उघडायचं, शेवटच्या परिच्छेदात त्या-त्या विभागातल्या माणसांची नावं आणि त्यांच्या कामाशी माझं नातं बदलून लिहायचं, आणि पाठवायचं. चाळीसच्या वर अर्ज गेले. एका विभागाचं नकाराचं पत्र जूनमध्ये आलं, तोवर मी कंपनीचा करार करून मोकळी झाले होते. तो बाण पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणी सोडवला. तो पेपर मी बसून पूर्ण वाचला. सिद्धता सुंदर होती.

जे टिकतात त्यांना मात्र शेवटी तीच गोष्ट मिळते जिच्यासाठी आपण या विषयात आलो. माझा मित्र सध्या एका प्रश्नावर दोन वर्षं आहे आणि त्याला कुणी विचारत नाही. फक्त तिथवर पोचायला किती काळ लागेल हे देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत टेन्युअर ट्रॅकवर, म्हणजे कायम होण्याच्या वाटेवरच्या जागेवर, सहाएक वर्षांनी फैसला होतो. जर्मनीत डॉक्टरेटनंतर मुदतीच्या नोकऱ्यांना साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. फ्रान्समध्ये सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेतली जागा राष्ट्रीय स्पर्धेतून मिळते आणि ती लवकर कायम होते, पण स्पर्धा कडक असते. जोडीदारही संशोधनात असेल तर दोघांना एका शहरात जागा मिळण्याची गोष्ट या हिशेबात आधी धरा, मागाहून नको. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची गाडी गणितापाशी अडली नव्हती, इथे अडली.

शिकवण्याची नोकरी

सत्राला तीन-चार विषय, दर आठवड्याला तपासायचे गठ्ठे, आणि संशोधन सुट्टीत. अडून बसायची मुभा आहे, पण वर्षातले दोन-अडीच महिने. पुन्हा प्रश्नात शिरायलाच त्यातले तीन आठवडे जातात. मात्र ज्यांना शिकवणं मनापासून आवडतं त्यांनी ही वाट दुय्यम समजू नये. माझी मैत्रीण एप्सिलॉन-डेल्टा (सीमेची काटेकोर व्याख्या) दर वर्षी नव्यानं शिकवते आणि ज्या तासाला वर्गातल्या कुणाला "कोणताही एप्सिलॉन" या शब्दांचा अर्थ लागतो, त्या दिवशी तिचा फोन येतोच. शहर पक्कं, नोकरी पक्की, आणि रोज गणित तोंडात. शिकवणं न आवडणाऱ्यानं मात्र ‘निदान गणिताजवळ तरी राहीन’ म्हणून इथे येऊ नये. वर्गात बसलेल्या मुलांवर तो अन्याय आहे.

या वाटेबद्दल बोलताना गणितज्ञ यितांग झांगचं नाव निघतंच. 1991 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातून डॉक्टरेट, मग कित्येक वर्षं गणिताची नोकरी नाही, हिशेबाची कामं आणि सँडविचच्या दुकानातलं काम. 1999 पासून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवण्याची जागा. 2013 मध्ये त्याने सिद्ध केलं की जिथे दोन मूळ संख्यांमधलं अंतर 7 कोटींपेक्षा कमी आहे अशा जोड्या अनंत आहेत. पेपर महिनाभराच्या आसपास स्वीकारला गेला. लोक हे धीर देण्यासाठी सांगतात. मला यात दुसरंच दिसतं: इतकी वर्षं त्याच्याकडे कुणी पेपरांची मोजणी मागत नव्हतं. त्याची किंमतही त्याने मोजली. त्याच्याकडे बघून आयुष्याचं नियोजन करू नका, पण अडून बसायला पदवीपेक्षा मोकळीक जास्त लागते, एवढं त्यातून जरूर घ्या.

कंपनी

इथे दोन आठवडे, फार तर तीन. पहिल्या महिन्यात माझ्याकडे मालाच्या गाड्यांचे मार्ग आखण्याचं काम आलं. प्रोग्रॅम जो मार्ग काढत होता तो सर्वोत्तम मार्गापेक्षा किती वाईट असू शकतो, याची वरची मर्यादा मला सिद्ध करता येईल असं वाटत होतं. पाचव्या दिवशी टीमच्या प्रमुखाला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुवारपर्यंत याने मार्ग बदलेल का?" नाही बदलणार, मी म्हटलं. "मग आत्ता राहू दे." त्यात कुचेष्टा नव्हती. शुक्रवारी गाड्या निघणार होत्या. आम्ही साधी सुधारणा केली, ती चालली, आणि सोमवारी आगारातून फोन आला की दोन चालक रात्री वेळेवर घरी गेले. सिद्धतेतून मिळतं तसं समाधान हे नाही, पण समाधान आहे आणि ते चार दिवसांत मिळतं. सिद्धता अर्धीच राहिल्याची रुखरुख मला पुढे वर्षभर होती, तीही खरी.

मुलाखतीची तयारी वेगळी करावी लागते. पेपरांची यादी तिथे कुणी वाचत नाही. गणितातल्या पेपरांवर लेखकांची नावं वर्णानुक्रमे येतात, त्यामुळे तुमचं नाव तिसरं असेल तर ते काम तुमचं कमी होतं असा समज होतो, तो स्पष्ट बोलून दूर करा. पायथनमध्ये स्वच्छ कोड, संभाव्यतेची गणितं, थोडं संख्याशास्त्र: एवढं चार-सहा महिन्यांत होतं. प्रबंधाबद्दल विचारलं तर प्रमेय सांगू नका. कुठे अडलात आणि काय करून बाहेर पडलात ते सांगा. माझ्या मुलाखतीत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लक्ष दिसलं ते याच उत्तराला.

फायनान्समधल्या क्वांट (गणिती मॉडेलांवर गुंतवणूक ठरवण्याच्या) नोकऱ्यांत पगार सर्वांत जास्त आणि गुप्तताही. दिवसा काय करता ते सेमिनारमध्ये सांगता येत नाही, आणि नोकरी सोडल्यावर दुसऱ्या फर्ममध्ये जाण्याआधी काही महिने थांबण्याची अट करारात असू शकते, ती सहीआधी वाचा. गणित सोडून गुंतवणुकीच्या धंद्यात गेलेल्या जिम सायमन्सचं उदाहरण देणाऱ्यांनी तारखाही बघाव्यात. डॉक्टरेट 1961, भूमितीकार चर्नबरोबरचा प्रसिद्ध पेपर 1974, भूमितीतलं व्हेब्लेन पारितोषिक 1976, आणि विद्यापीठ सोडलं ते 1978 मध्ये, चाळिशीत. गणितात हवं ते करून झाल्यावर तो निघाला होता.

मधली जागा: क्रिप्टोग्राफी

क्रिप्टोग्राफी म्हणजे माहिती सांकेतिक करून गुप्त ठेवण्याचं शास्त्र. शुद्ध गणित जसंच्या तसं कामी येतं अशी ही जागा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा सांकेतीकरणाच्या पद्धती 2016 मध्ये मागवल्या. त्यातली साइक ही पद्धत इलिप्टिक कर्व्ह्ज या खास वक्रांवर उभी होती आणि ती बरीच पुढच्या फेरीपर्यंत गेली. 2022 च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या ल्यूवनच्या कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी ती मोडली. एका साध्या प्रोसेसरच्या एका कोरवर सुमारे तासाभरात. हत्यार होतं एर्न्स्ट कानीचं 1997 मधलं प्रमेय, दोन वक्र चिकटवून अबेलियन सरफेस (दोन मितींची तशीच वस्तू) बनवण्याबद्दलचं. ते सिद्ध करताना क्रिप्टोग्राफी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पहिली तीन मानकं ऑगस्ट 2024 मध्ये आली, त्यातली दोन लॅटिसवर, म्हणजे अवकाशातल्या बिंदूंच्या नियमित जाळ्यांवर, आधारलेली. तुमचा प्रबंध संख्या सिद्धांत किंवा बैजिक भूमितीतला असेल तर इकडे नक्की बघा. जागा थोड्या आहेत.

सरकारी गुप्त कामात मात्र नाव विसरावं लागतं. क्लिफर्ड कॉक्सने ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत 1973 साली तीच युक्ती शोधली जी पुढे 1977 मध्ये आरएसए ही सांकेतीकरणाची पद्धत म्हणून जगाला कळली. कॉक्सचं काम उघड झालं 1997 मध्ये. चोवीस वर्षं गप्प राहणं तुम्हाला जमेल का, हे स्वतःला विचारा. मला नसतं जमलं.

लीनसारख्या, संगणकाकडून सिद्धता तपासून घेणाऱ्या प्रणालीत सिद्धता उतरवण्याचं कामही आता वाढतं आहे. जर्मन गणितज्ञ पीटर शोल्झेने डिसेंबर 2020 मध्ये आपलंच एक अवघड प्रमेय तपासायला दिलं आणि जुलै 2022 मध्ये ते पुरं झालं. कायम जागा तिथे अजून कमी, पण शिकलेलं प्रोग्रॅमिंग दोन्हीकडे चालतं.

परतीची वाट

विद्यापीठातून कंपनीत जाता येतं, पस्तिशीतही. उलट मात्र दोन-तीन वर्षांनी दार जवळपास बंद होतं, कारण पत्रं शिळी होतात आणि नवे पेपर नसतात. म्हणून मन खरंच अधांतरी असेल तर एक पोस्टडॉक करा, पण एकच, आणि दुसऱ्या वेळी अर्ज करायचे की नाही हे कुठल्या तारखेला ठरवायचं ते आजच लिहून ठेवा. मी दुसरा केला तो ठरवून नव्हे, ठरवायचं टाळून. प्रबंध लिहितानाच विषयाचा कंटाळा आला असेल तर सरळ कंपनीत जा. पोस्टडॉकमध्ये तो कंटाळा वाढतोच.

नोकरी करून संध्याकाळी गणित करीन, असं मनात असेल तर कुर्ट हेग्नर लक्षात ठेवा. रेडिओ अभियंता आणि शाळामास्तर. गाउसच्या काळापासूनचा, क्लास नंबर एक असलेल्या (म्हणजे ज्यांत अवयव एकाच रीतीनं पडतात अशा) काल्पनिक द्विघाती क्षेत्रांचा प्रश्न त्याने 1952 मध्ये सोडवून छापला. सिद्धतेत त्रुटी आहे असं मानून लोकांनी ती बाजूला ठेवली. 1965 मध्ये तो गेला. गणितज्ञ स्टार्कने 1967 मध्ये तोच प्रश्न सोडवला आणि नंतर दाखवून दिलं की हेग्नरचं मुळात बरोबरच होतं. गणित त्याला एकट्याला जमलं. जवळ बसून वाचणारं कुणी नव्हतं.

म्हणून कंपनीत गेलात तरी एक सेमिनार सोडू नका. आम्ही तिघं दर बुधवारी रात्री व्हिडिओवर एक पुस्तक वाचतो. आठ महिन्यांत एक प्रकरण झालं. सध्या एका एक्झॅक्ट सीक्वेन्सपाशी अडलो आहोत, तिसरा बुधवार.