कॉन्सर्टचं तिकीट अ‍ॅपवर, फॅनकडून की रिसेल साइटवर? कोकणातून जाणाऱ्यांनी कसं ठरवायचं

मुंबईतल्या फॅनला तिकिटाबद्दल जो सल्ला मिळतो तो रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या फॅनला जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईचा माणूस शोच्या दिवशी दुपारी चारला ठरवू शकतो, स्वस्तात मिळालं तर लोकल पकडायची, नाही मिळालं तर घरी जेवायचं. आपल्याला गाडी लागते, रात्री टेकायला कुणाचं तरी घर लागतं, दोन दिवसांची रजा लागते आणि मग तिकीट. म्हणून तिकीट मिळवायचे मार्ग इथे शेजारी शेजारी ठेवतेय ते आपल्या बाजूने बघून, भाव तर बघायचाच पण तिकीट हातात कधी पडतं आणि पडलं नाही तर आपलं किती जातं हेही बघायचं.

पहिला मार्ग अर्थातच मूळ विक्री, म्हणजे आयोजकाने ज्या अ‍ॅपला विक्री दिलीय तिथेच. कोल्डप्ले या बँडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, जानेवारी २०२५ चे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधले शो, बुकमायशोवर विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बाराला, भाव २,५०० पासून ३५,००० पर्यंत, एकाला जास्तीत जास्त चार तिकिटं. अ‍ॅप आधी कोलमडलं, मग रांगेत लाखोंचे नंबर दिसायला लागले, आणि गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग ज्यांनी सकाळी आठला केलंय त्या आपल्या माणसांना ते दृश्य नवीन नव्हतं. पण त्या दिवसातली खरी शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आधी १८ आणि १९ जानेवारी एवढेच दोन शो होते, विक्री चालू असतानाच २१ तारखेचा तिसरा जाहीर झाला, नंतर अहमदाबादचेही आले. म्हणजे ज्यांनी पहिल्या तासात घाबरून कुठल्यातरी परक्या साइटवर अनेक पटींनी पैसे भरले त्यांनी थोडा दम धरला असता तर मूळ भावात अजून संधी होती. विक्रीच्या दिवशी तिकीट नाही मिळालं तर त्या दिवशी दुसरीकडे काहीच घ्यायचं नाही, हा नियम मी सगळ्यांना सांगते.

मूळ विक्रीचा तोटा एकच पण आपल्यासाठी मोठा. तिकीट चार महिने आधी काढावं लागतं आणि रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. म्हणजे आता जानेवारीतल्या अशा शोचं तिकीट सप्टेंबरात हातात आणि गाडी मिळणार की नाही ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळत नाही. मधल्या काळात रजा नाकारली, परीक्षेची तारीख आली, घरात काही निघालं, की तिकीट अडकलं, कारण बहुतेक कॉन्सर्टचं तिकीट रद्द करून पैसे परत मिळत नाहीत.

आणि इथूनच फॅन-टू-फॅन बाजार सुरू होतो. ज्याला जमत नाही तो विकतो, ज्याला मिळालं नव्हतं तो घेतो. यात काही वाईट नाही, नाटकाचं तिकीट शेजाऱ्याला छापील दरात देण्याची रीत आपल्या गावागावात आहेच.

आता रिसेल साइट आणि ओळखीतला फॅन यांची खरी तुलना.

रिसेल साइटवर विकणारा कोण ते तुम्हाला दिसत नाही, भाव तो ठरवतो, वर साइट आपली फी लावते जी बऱ्याचदा शेवटच्या स्क्रीनवर समजते. कोल्डप्लेच्या वेळी अशा साइटवर लाखांतले आकडे दिसत होते आणि व्हायागोगो, गिग्सबर्ग यांच्याशी आपला काही संबंध नाही असं बुकमायशोला जाहीर सांगावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे काही विक्रेते हातात तिकीट नसतानाच जाहिरात टाकतात, नंतर कुठूनतरी स्वस्तात मिळवून देऊ या हिशोबाने. मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर साइट पैसे परत करते म्हणे, पण तोपर्यंत तुम्ही कणकवलीहून नेरुळला पोचलेले असता आणि गाडीभाडं, रजा, दोन दिवस हे कुणी परत करत नाही. मुंबईकराची अशा वेळी एक संध्याकाळ जाते, आपला अख्खा प्रवास जातो, म्हणून साइटची हमी आपल्यासाठी अर्धीच हमी आहे.

कायद्याचा आधारही फार धरू नका. रेल्वेच्या तिकिटांची दलाली १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या कलम १४३ ने गुन्हा आहे, कॉन्सर्टच्या तिकिटाच्या पुनर्विक्रीला भावाची मर्यादा घालणारा तसा स्वतंत्र कायदा देशात झालेला नाही. मुंबई उच्च न्यायालयात याबद्दल जनहित याचिका गेली होती, ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली, हा विषय कायदे करणाऱ्यांचा आहे असं न्यायालयाचं म्हणणं. आयर्लंडने २०२१ मध्येच मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ भावापेक्षा जास्त दराने विकायला बंदी घातली, ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तसं करायचं जाहीर केलं. आपल्याकडे तसं होईपर्यंत शहाणपण आपणच बाळगायचं.

ओळखीतला फॅन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा, कॉलेजातला, मित्राचा मित्र. इथे भाव बहुतेक वेळा मूळचा असतो कारण विकणाऱ्याला तिकीट वाया जाऊ नये एवढंच हवं असतं, आणि माणसाला चार जण ओळखत असतात. धोका मात्र इथेही आहे आणि तो नीट समजून घ्या. मोबाइल तिकिटावरचा क्यूआर कोड हा एकदाच चालतो, गेटवर जो आधी स्कॅन करेल तो आत, त्यामुळे एकच स्क्रीनशॉट पाच जणांना विकता येतो आणि पाचही जणांना ते तिकीट खरंच वाटतं कारण ते खरंच असतं. म्हणून स्क्रीनशॉटवर पैसे द्यायचे नाहीत, कितीही गोड बोलला तरी. अ‍ॅपमधून ट्रान्सफर करायची सोय असेल तर ती करून आपल्या खात्यात तिकीट दिसलं की मगच पैसे. झोमॅटोने सप्टेंबर २०२४ मध्ये एक सोय जाहीर केली होती, घेतलेलं तिकीट तिथल्या तिथे विकायला लावायचं, भाव दुपटीच्या वर नाही, आणि विकलं गेलं की जुनं तिकीट रद्द होऊन नव्या माणसाच्या नावाने नवीन निघणार. दुप्पट ही मर्यादा मला जास्तच वाटते, पण जुनं रद्द होऊन नवं निघणं ही गोष्ट सोन्यासारखी आहे, त्यात स्क्रीनशॉटचा धंदाच संपतो. तुमच्या शोला अशी सोय असेल तर अनोळखी माणसाकडून थोडं महाग घेतलं तरी चालेल असं माझं मत, ओळखीच्या माणसाकडे मूळ भावात मिळत असेल तर तो प्रश्नच नाही.

मनगटाला बांधायचा बँड किंवा छापील तिकीट असेल तर आपल्याकडे एक गोष्ट आहे जी बाकी कुणाकडे नाही, ती म्हणजे चाकरमानी. दिव्याला काका, नालासोपाऱ्याला मावसभाऊ, लालबागला आत्या, कोणीतरी असतंच. त्यांना विकणाऱ्याला समोरासमोर भेटायला सांगा, स्टेशनवर, दिवसाढवळ्या, बँड उघडून बघा, विकणाऱ्याच्या अ‍ॅपमधली ऑर्डर बघा, आणि तिथेच पैसे. कुरिअरने सिंधुदुर्गात मागवायच्या भानगडीत पडू नका, शेवटच्या आठवड्यात तर नाहीच.

गेटवर ब्लॅकमध्ये घेणं यावर फार लिहीत नाही. भाव कधीकधी खरंच उतरतो पण अंधारात, गर्दीत, नेटवर्क नसताना तिकीट खरं की खोटं हे ओळखता येत नाही आणि खोटं निघालं तर रात्री आपण जाणार कुठे.

आता तो मुद्दा जो आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. शोच्या आधीच्या आठवड्यात रिसेलचे भाव बऱ्याचदा खाली येतात, कारण न विकलं गेलेलं तिकीट शो सुरू झाल्यावर कागद असतं आणि ज्यांनी नफ्यासाठी धरून ठेवलंय ते घाबरतात, शिवाय ज्यांना ऐनवेळी जमत नाही असे खरे फॅनही तेव्हाच निघतात. मुंबईकर याचा फायदा घेतो. आपण घेत नाही कारण गाडी नसते. मग उलटं करा, आधी गाडी काढा आणि तिकिटाची वाट बघा. आरक्षण उघडलं की पहिल्याच दिवशी जायची आणि यायची दोन्ही कन्फर्म सीट काढून ठेवायची, कारण रेल्वेचं तिकीट वेळेत रद्द केलं तर मोजकी रक्कम कापून बाकी परत येते, कॉन्सर्टचं येत नाही. जे परत करता येतं ते आधी घ्यायचं आणि जे येत नाही ते शेवटी.

समजा तिकिटाचा मूळ भाव ५,००० आहे आणि सध्या रिसेलवर १२,००० दिसतंय. आज घेतलं तर ७,००० जास्तीचे गेलेच. त्याऐवजी गाडी काढून थांबलात आणि शेवटच्या आठवड्यात ओळखीतून ५,००० ला मिळालं तर सगळं वाचलं, ७,००० ला मिळालं तरी बरंच वाचलं, आणि नाहीच मिळालं तर रेल्वेने कापलेले काही रुपये गेले. अगदी तुफान मागणीच्या शोला भाव शेवटपर्यंत उतरत नाही हेही होतं, तेव्हा आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा आधीच कागदावर लिहून ठेवा आणि त्याच्या वर जाऊ नका.

गाड्यांचं थोडं नीट बघा. मांडवीने निघालात तर पोचेपर्यंत रात्र होते, संध्याकाळचा शो बुडाला. आदल्या रात्रीची कोकणकन्या बरी, सकाळी पोचता. नेरुळचा शो असेल तर सीएसएमटीपर्यंत जायची गरजच नाही, पनवेलला उतरून हार्बरची लोकल पकडा. परतीला रात्री कोकणकन्या किंवा तुतारी, पण दोन्ही पनवेलला बारानंतर येतात, म्हणजे पनवेलहून आरक्षण करताना तारीख दुसऱ्या दिवसाची टाकायची. शो १८ ला असेल तर १९ ची. इथे बरेच जण चुकतात आणि मग मध्यरात्री प्लॅटफॉर्मवर टीसीशी वाद. आणि शो उशिरा संपणार असेल तर त्या रात्रीची गाडी धरूच नका, शेवटची दोन गाणी सोडून धावत स्टेशन गाठायला आपण एवढ्या लांब जात नाही.

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याच्या मंडळींनी गोव्यातले शो आधी बघावेत. डिसेंबर २०२४ चा सनबर्न संगीत महोत्सव पेडण्यातल्या धारगळला झाला, म्हणजे बांद्याहून जवळजवळ दारातच, तिथे तुम्हीही मुंबईकरासारखे शेवटच्या दिवसापर्यंत थांबू शकता. आणि कधीकधी घरबसल्याही बघायला मिळतं, कोल्डप्लेचा २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह होता. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांच्यासाठी तो काही दुय्यम पर्याय नाही, आवाज चांगला मिळतो आणि आईसोबत बघता येतं.

विकणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचंय, कारण आज घेणारा उद्या विकणारा असतो. भाव किती लावायचा? तुम्ही अ‍ॅपला एकूण जेवढे भरलेत तेवढा, म्हणजे तिकीट, बुकिंग फी, जीएसटी सगळं धरून. तेवढं मागण्यात काहीच चूक नाही आणि बिलाचा फोटो दाखवलात तर घेणाराही खूश. आपलं रद्द झालेलं गाडीभाडं त्यात घालू नका, ते तुमचं नुकसान आहे, त्याचं नाही. आणि चारची मर्यादा आहे म्हणून चार काढायची, दोन ठेवायची आणि दोन दुप्पट भावात विकून आपला प्रवास फुकट करायचा, हे हल्ली बऱ्याच जणांकडून ऐकते आणि मला ते मनापासून पटत नाही. कलाकार मुद्दाम काही तिकिटं कमी भावात ठेवतात ती कॉलेजातल्या पोरांना परवडावीत म्हणून, मधला फरक हा त्या पोराचा आहे, तुमचा नाही. चिपळूणचा मुलगा चार महिने पैसे साठवून ३,००० जमवतो आणि त्याच्याच गावचा माणूस त्याला तेच तिकीट सहा हजाराला विकतो, याला फॅन म्हणायचं का.

पैसे घेताना एवढं लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. समोरचा क्यूआर पाठवून "स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे येतील" म्हणाला की तो चोर आहे, फोन ठेवा. फसलातच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लगेच, त्याच तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवता आले तरच उपयोग.

आणि व्यवहार होताना एक वाक्य चॅटमध्ये दोघांनीही लिहून ठेवा, शो रद्द झाला तर रिफंड कोणाचा. अ‍ॅप पैसे परत करतं ते मूळ ज्याने भरले त्याच्या खात्यात, तुम्ही त्याच्याकडून घेतलंय हे अ‍ॅपला माहीतच नसतं. "शो रद्द झाला तर आलेला रिफंड तीन दिवसांत तुला पाठवीन" एवढं लिहून घ्या, आणि शो पुढे ढकलला तर तिकीट कोणाचं राहणार तेही.