ओ-१ की ग्लोबल टॅलेंट? निवडण्याआधी हे बघा

अमेरिकेचा ओ-१ आणि ब्रिटनचा ग्लोबल टॅलेंट हे दोन्ही व्हिसा आपापल्या क्षेत्रात नाव कमावलेल्यांसाठी आहेत. दोन्हींत सोडत नाही की वार्षिक कोटा नाही, म्हणून एच-१बीच्या लॉटरीला विटलेले लोक इकडे वळतात. बहुतेक जण ‘मिळायला सोपा कोणता?’ एवढंच विचारतात. मी आधी हे विचारेन, की व्हिसा कोणाच्या हातात राहणार, तुमच्या की कंपनीच्या?

ओ-१ साठी स्वतःचा अर्ज स्वतः करता येत नाही. तिथली कंपनी किंवा एजंट तुमच्यासाठी पिटिशन दाखल करतो. स्टार्टअपवाले आपल्याच अमेरिकन कंपनीतर्फे ते करू शकतात, पण कागदोपत्री कंपनी आणि तुम्ही वेगळे असावे लागता. नोकरी सुटली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत. ग्लोबल टॅलेंटमध्ये मालकाचा संबंधच नाही. रॉयल सोसायटी, आर्ट्स काउन्सिल इंग्लंड, टेक नेशन अशा एखाद्या संस्थेने तुम्हाला मान्यता दिली, की नोकरी करा, सोडा, स्वतःचा व्यवसाय काढा. गृहखात्याला कळवायचीही गरज नाही.

पण ही मोकळीक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ब्रिटनची यादी संशोधन, कला-संस्कृती आणि डिजिटल तंत्रज्ञान एवढ्यावरच संपते. तुम्ही व्यावसायिक खेळाडू असाल किंवा तुमचं नाव निव्वळ व्यवस्थापनात असेल, तर ओ-१ए, म्हणजे विज्ञान, शिक्षण, व्यवसाय आणि खेळ यांसाठीचा ओ-१, हाच पर्याय.

पुराव्यांचा भाग मात्र खरा जिकिरीचा. नोबेलसारखं पारितोषिक नसेल तर ओ-१ए साठी आठपैकी किमान तीन निकष भरावे लागतात: पुरस्कार, निवडक संस्थांचं सदस्यत्व, तुमच्याबद्दल छापून आलेला मजकूर, इतरांच्या कामाचं परीक्षण, मौलिक योगदान, शोधनिबंध, नामवंत संस्थेतली कळीची भूमिका, भरघोस पगार. संशोधकांना जर्नलसाठी केलेल्या परीक्षणाचा निकष हाताशी असतो. वर्गणी भरून मिळालेलं सदस्यत्व चालत नाही, आणि पैसे मोजून छापून आणलेले लेख तर उलट अंगावर येतात. तीन खुणा झाल्या म्हणजे काम झालं असंही नाही. अधिकारी सगळं एकत्र ठेवून तोलतात. कलावंतांच्या ओ-१बी ची कसोटी त्या मानाने सौम्य आहे.

ब्रिटनमध्ये तंत्रज्ञानासाठी तीन शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त दहा पुरावे, तेही प्रत्येकी तीन पानांत. अमेरिकन फायलींची जाडी पाहिलेल्याला हे सुखद वाटेल. शिवाय तिथे ‘एक्सेप्शनल प्रॉमिस’ ही वेगळी पायरी आहे. कारकिर्दीची सुरुवात असेल, नाव अजून व्हायचं असेल, तर मी डोळे मिटून ब्रिटन म्हणेन.

जोडीदाराचा मुद्दा लोक शेवटी काढतात, तो पहिल्यांदा काढा. ओ-३ वर, म्हणजे ओ-१ धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेला नवरा किंवा बायको शिकू शकते, कमावू शकत नाही. ब्रिटनमध्ये जोडीदाराला कामाची मुभा आहे. पण तिथे आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो: प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड. पाच वर्षांचा व्हिसा घेतला तर दोघांचे १०,३५० पौंड एकदम.

कायमचं राहायचं असेल तर फरक आणखी वाढतो. ओ-१ आधी तीन वर्षांपर्यंत, मग सहसा एकेक वर्षाने वाढतो, पण त्यातून ग्रीन कार्ड आपोआप येत नाही. त्यासाठी ईबी-१ए, म्हणजे असामान्य गुणवत्तेवर ग्रीन कार्ड मागण्याचा वेगळा अर्ज. तो अर्ज स्वतः करता येतो आणि निकष ओ-१ए सारखेच दिसतात, पण कसोटी अधिक कडक. ओ-१ मिळाला म्हणून ईबी-१ए मिळेलच असं समजू नका. भारतात जन्मलेल्यांना मंजुरीनंतरही रांगेत थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये जन्मदेशानुसार रांग नाही. विषय आणि मान्यतेच्या प्रकारानुसार तीन किंवा पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

हातात अमेरिकन कंपनीची चांगली ऑफर असेल आणि जोडीदाराची नोकरी आड येत नसेल, तर ओ-१ घ्या आणि पहिल्या वर्षापासूनच ईबी-१ए चे पुरावे जमवायला लागा.