रीलवर आधी सूचना देणारा दांडिया बाजारातला स्टुडिओ

पुतण्याच्या लग्नाचं शूटिंग आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका लहानशा स्टुडिओकडे दिलं होतं. फोटो छान आलेत, अल्बमची बांधणीही पक्की आहे. पण मला लिहायचंय ते लुकलुकत्या प्रकाशाबद्दल त्यांनी रील्सवर टाकलेल्या सूचनांबद्दल. हे काम इतकं मनापासून करणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं.

माझ्या नववीतल्या मुलीला भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींची तपासणी, करताना डोळ्यांसमोर दिवा चमकवून बघतात, त्यात ते नक्की झालं. फिट्सचा आजार असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांनाच हा त्रास असतो, पण लहान आणि वयात येणाऱ्या मुलांत तो जास्त दिसतो, आणि हीच मुलं सतत फोन बघतात. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला टीव्हीवर पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा चमकला आणि ६०० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. संगीताच्या रात्री डीजेने स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारे दिवे, लावले की लेकीला बाहेर नेता येतं. रील मात्र बोट सरकवताच आपोआप सुरू होते. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान फिरवायची, हे तिला शिकवलंय. नुसते डोळे मिटून भागत नाही.

स्टुडिओतल्या एडिटरभाईंनी आधी रीलखाली आजाराच्या नावाचा हॅशटॅग टाकला होता. मी तो काढायला लावला. त्या नावाने शोधणारे बहुतेक आजारी लोक किंवा त्यांचे घरचे असतात. त्यांच्याच पुढ्यात चमकणारा व्हिडिओ गेला असता. सूचनेत आजार नको, काय दिसणार आहे ते हवं, आणि कुठे दिसणार तेही. त्यांना हे लगेच पटलं. आता रीलच्या सुरुवातीला काळ्या पाटीवर मराठी आणि गुजरातीत येतं: ‘पुढे लुकलुकता प्रकाश आहे, ०:१८ ते ०:२६’. पाटी शांतपणे वाचून होईल इतका वेळ थांबते. कॅप्शनची सुरुवातही त्याच शब्दांनी होते, कारण पुढचा मजकूर इन्स्टाग्राम दुमडून ठेवतं. कुणी रील उतरवून नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर कॅप्शन मागे राहतं, पाटी मात्र व्हिडिओबरोबर जाते.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. टीझरमध्ये, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओच्या छोट्या झलकीत, ढोलाच्या प्रत्येक ठोक्यावर पांढरा फ्लॅश होता. “बेन, बीटवर फ्लॅश नाही तर जोर कसा येणार?” असं ते म्हणाले खरे, पण वेबसाइट आजारी-अपंगांनाही वापरता यावी म्हणून केलेल्या सुगम्यतेच्या नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत असं सांगितलंय हे मी दाखवल्यावर त्यांनी एकेक फ्लॅश काढून तिथे साधे कट टाकले. नवरीचा प्रवेश आता जास्त देखणा वाटतो. निदान तिचा चेहरा तरी दिसतो. डान्स फ्लोअरवरचे स्ट्रोब मुळात शूटिंगमध्येच आहेत, म्हणून तो तुकडा छोटा करून त्यावर सूचना दिली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. वेळ थोडा लागला.

एक उणीव अजून आहे. मोठा व्हिडिओ तुकडे करून स्टेटसला टाकला की पाटी पहिल्याच तुकड्याला राहते आणि चमकणारा तुकडा सूचनेशिवाय समोर येतो. प्रत्येक तुकड्याला पाटी हवी, निदान त्याआधी सूचनेचा एक साधा फोटो तरी. हे त्यांना सांगितलंय.

नवरात्रीच्या आसपास त्यांच्याकडे गरब्याच्या कामांची गर्दी असते, तेव्हा ऑर्डर देतानाच कागदावर लिहून द्या: बीटवरचे फ्लॅश नकोत, जे उरतील त्यांची वेळ पाटीवर हवी, आणि घरच्यांसाठी चमका पूर्ण काढलेली एक वेगळी प्रत. आमची ती प्रत त्यांनी पेनड्राइव्हवर दिली आणि लेकीने ती आजीला मांडीवर लॅपटॉप घेऊन शेवटपर्यंत दाखवली.