गुडघा बदलल्यानंतर नर्स घरी यावी की फोनवर पुरेल?

हॉस्पिटलमधून सुट्टी मिळते त्या दिवशी गुडघा बऱ्यापैकी शांत असतो. खरी सूज चढते ती घरी आल्यावर. पहिल्या आठवड्यात मांडीपासून पार घोट्यापर्यंत काळंनिळं उतरतं, रात्री कूस बदलता येत नाही, आणि उशाशी घंटा दाबली की धावत येणारी सिस्टर आता नसते. ऑपरेशननंतर एक ते तीन दिवसांत घरी सोडायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. त्यामुळे पूर्वी जे दिवस वॉर्डात जायचे ते आता घरात काढावे लागतात. त्या घंटेच्या जागी काय ठेवायचं, हे घरच्यांना ठरवावं लागतं.

नर्सला घरी बोलावता येतं. फोन, व्हिडिओ किंवा अ‍ॅपवरून लक्ष ठेवणारी नर्स मिळते. किंवा यातलं काहीच न करता ठरलेल्या तारखेला सर्जनना दाखवायला जायचं. ही शेवटची तपासणी कुठल्याच पर्यायात चुकत नाही, पण दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत विचारायला कोणी नाही, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबू नये असं माझं मत आहे. खरी निवड उरते ती पहिल्या दोघींत. मी दोन्ही कामं केली आहेत. आधी घरोघरी जायचे, गेली काही वर्षं फोनवर आणि व्हिडिओवर रुग्ण बघते.

जखम

पुष्कळ घरांत नर्स बोलावली जाते ती ड्रेसिंगसाठी. इथे घरी येणारी नर्स उजवी आहेच, पण वाटतं तितकी नाही. हल्ली ऑपरेशननंतर जी पाणी न शिरणारी पट्टी लावतात ती भिजली किंवा सुटली नाही तर आठवडाभर तशीच राहू द्यायची असते. रोज उघडून बघण्यात फायदा नाही, उलट जखम उघडी पडते. म्हणजे रोज ड्रेसिंगला नर्स हवी, ही गरज बऱ्याच रुग्णांना उरलेलीच नाही. हात लागतात ते मोजक्या वेळी: पट्टी भिजली तर, आणि साधारण १० ते १४ दिवसांनी टाके किंवा पिना काढायच्या असतात तेव्हा.

मधल्या दिवसांत फोटोवर भागतं, पण फोटो नीट काढला तर. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही गुडघे एकाच चौकटीत. एकट्या गुडघ्याचा फोटो मला फारसं काही सांगत नाही, दुसऱ्या गुडघ्याशेजारी ठेवला की सांगतो. सावळ्या त्वचेवर लाली फोटोत नीट उमटत नाही, म्हणून मी रंगापेक्षा कातडीला आलेली चकाकी आणि ताण बघते, आणि घरच्यांना हाताची मागची बाजू दोन्ही गुडघ्यांना लावून बघायला सांगते. नवा गुडघा कित्येक महिने कोमट लागतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कालच्यापेक्षा आज जास्त तापलाय का, हे महत्त्वाचं. पट्टीवर डाग दिसला तर त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवायची आणि वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर गेला असेल तर मला शब्दांत विचारावं लागत नाही.

पाच-सात दिवसांनंतरही जखम पाझरत असेल, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढायला लागलं असेल, तर फोटो पाठवत बसू नका, सर्जनना दाखवा. आणि घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आतला संसर्ग त्याने दबतो, जात नाही, आणि नंतर तो ओळखणं अवघड होतं.

नुसता फोन, व्हिडिओ आणि यंत्रं

'दुरून नर्सिंग' या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. नुसत्या फोनवर मला तेवढंच कळतं जेवढं रुग्ण सांगतो. एका आजींना मी चार दिवस फोनवर विचारत होते, आणि चारही दिवस उत्तर एकच होतं, "सगळं छान आहे गं." पाचव्या दिवशी व्हिडिओ लावला तर गुडघ्याखाली जाडजूड उशी.

"आजी, ही उशी कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तिने फार बरं वाटतं."

बरं वाटतंच. पण गुडघा तसाच किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो, आणि पाय पूर्ण सरळ होण्याचे शेवटचे काही अंश गेले की चालण्यात लंगड येते. टॉवेलची गुंडाळी ठेवायचीच तर टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. त्यांच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, त्यामुळे फोनवर ती कधीच कळली नसती.

व्हिडिओलाही मर्यादा आहे. त्यात चौकटीबाहेरचं दिसत नाही. एक काका रोज खुर्चीत ताठ बसून हसतमुखाने बोलायचे. व्यायाम झाले का, झाले. चाललात का, चाललो. वेगळ्या कामासाठी घरी गेलेल्या सहकारी नर्सला वॉकर दाराआड घडी करून ठेवलेला दिसला. पडण्याच्या भीतीने काका उठतच नव्हते, मुलगा धरून खुर्चीत बसवायचा आणि मग माझा कॉल जोडायचा. तेव्हापासून मी प्रत्येक व्हिडिओत फोन घरच्या माणसाच्या हातात देऊन रुग्णाला खोलीच्या दारापर्यंत चालून परत यायला सांगते. घरी जाणाऱ्या नर्सला मात्र हे उंबरठ्यातूनच दिसतं, आणि हा तिचा खरा वरचष्मा आहे, ड्रेसिंगपेक्षाही.

गुडघ्याला बांधायचे पट्टे किती वाकतो ते मोजतात, अ‍ॅप पावलं मोजतं. चांगलं आहे. पण त्या आकड्यांकडे रोज कोण बघतं हे विचारा. आकडा घसरल्यावर ज्याचा फोन येत नाही, त्या यंत्राचा रुग्णाला उपयोग नाही.

दुखणं आणि अवेळी पडणारे प्रश्न

इथे मी निःसंकोचपणे दुरून मिळणाऱ्या नर्सच्या बाजूने आहे. घरी येणारी नर्स सकाळी येते आणि तासाभरात जाते. प्रश्न उठतात रात्री नऊला. गोळी घेऊन चार तास झाले, पुन्हा घेऊ का? तीन दिवस पोट साफ नाही, हे औषधामुळे का? मांडी पण काळी पडली, हे काय? जखमेच्या बाहेरच्या अंगाला बधिर लागतं, नस कापली का? गुडघ्यातून टकटक आवाज येतो, सांधा सैल झाला का? यातल्या बहुतेकांचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो, बाहेरच्या बाजूचा बधिरपणा सर्रास असतो, टकटक धातू आणि प्लास्टिकच्या सांध्यात ऐकू येतेच. पण ते उत्तर त्या रात्री मिळालं नाही तर माणूस रात्रभर जागा राहतो, आणि पुष्कळदा घाबरून व्यायामच थांबवतो.

औषधांचं वेळापत्रक मांडून देणं फोनवरही उत्तम जमतं. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात जावी, नाहीतर गुडघा वाकत नाही. व्हिडिओवर सगळी पाकिटं एकेक करून दाखवायला सांगावं, कारण वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असतं आणि दिवसाची मात्रा नकळत दुप्पट होते.

वाकणं

दोन आठवड्यांच्या सुमारास गुडघा ९० अंशांच्या जवळ यावा, दीड ते तीन महिन्यांत ११० ते १२० पर्यंत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. जिना चढायला आणि खुर्चीतून नीट उठायला ९०च्या आसपास वाकावंच लागतं. आखडलेला गुडघा भूल देऊन वाकवण्याचा उपाय सहसा पहिल्या तीन महिन्यांच्या आतच विचारात घेतात, त्यामुळे मागे पडलोय हे वेळेत कळलं पाहिजे.

या बाबतीत दुरून मिळणाऱ्या मदतीची परीक्षा झालेली आहे. कॅनडात २०५ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये आणि अमेरिकेतला ३०६ रुग्णांवरचा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हींत घरी बसून स्क्रीनवरून व्यायाम केलेल्यांचा गुडघा समोरासमोर उपचार घेतलेल्यांपेक्षा मागे पडला नाही. पण लक्षात घ्या, ही परीक्षा व्यायामाची होती, जखम बघण्याची नव्हे. जाहिरातीत दोन्ही एकत्र सांगितलं जातं, ते तसं घेऊ नका.

जिथे दोघीही नकोत

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे साधारण दोन ते पाच आठवडे चालतं. इंजेक्शन असेल तर ते पोटाच्या कातडीत कसं द्यायचं हे व्हिडिओवर शिकवता येतं, पण पहिलं तरी कोणीतरी समोर उभं राहून घ्यायला लावावं. पोटरी एकाएकी घट्ट होऊन दुखू लागली किंवा पाय पाहता पाहता सुजला, तर त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी हवी. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर नर्सला फोन करायचा नाही, घरी नर्स येण्याची वाटही पाहायची नाही. थेट तातडीच्या विभागात जायचं. आधी सिस्टरना विचारू, या एका वाक्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. हे मी प्रत्येक रुग्णाला पहिल्याच कॉलमध्ये सांगते आणि त्यांच्याकडून वदवून घेते.

मग कोणी काय निवडावं

दुरून मिळणारी नर्स खरं तर घरातल्या माणसाच्या हातांनी आणि डोळ्यांनी काम करते. म्हणून पहिला प्रश्न घरात कोण आहे, हा. निदान पहिला आठवडा दिवसरात्र सोबत राहणारं, सांगितलेलं नीट ऐकून करणारं माणूस असेल, रुग्ण स्वतः बोलून सांगू शकत असेल आणि सुट्टीच्या वेळी जखम कोरडी असेल, तर फोन-व्हिडिओवर बहुतेक सगळं निभावतं.

रुग्ण एकटा राहत असेल, ऐकू कमी येत असेल, विसराळूपणा असेल, ऑपरेशननंतर रात्री भान हरपत असेल, तर नुसत्या व्हिडिओवर सोडू नका. साखर ताब्यात नसलेले, आधी कधी गुठळी झालेले, दोन्ही गुडघे एकदम बदललेले, जुना कृत्रिम सांधा काढून नवा बसवलेले रुग्ण यांनाही पहिले दोन आठवडे प्रत्यक्ष येणारी नर्स हवी.

घरी येणाऱ्या नर्सचीही एक बाजू सांगायला हवी. रोज नवा चेहरा येत असेल तर कालची सूज तिला माहीत नसते, आणि मग घरी येण्याचा अर्धा फायदा गेला. दुसरं म्हणजे प्रेमापोटी पाणीसुद्धा हातात आणून देणारी नर्स. रुग्ण खूश असतो, पण त्याने दिवसातून जितक्या वेळा उठायला हवं तितक्या वेळा तो उठत नाही.

माझ्या घरातलं माणूस असतं तर मी असं केलं असतं: घरी आल्यापासून दोन दिवसांच्या आत नर्सची एक भेट. त्यात तिने न्हाणीघर, सरकणारी सतरंजी, पायात येणाऱ्या वायरी आणि कमोडची उंची बघायची, कारण व्हिडिओवर लोक आवरलेली बैठकीची खोली दाखवतात, न्हाणीघर नाही. दुसरी भेट टाके काढायला. पट्टी भिजली तर मध्ये आणखी एक. बाकी सगळं दुरून: पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोन-तीनदा.

कुठलीही सेवा ठरवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. रोज तीच नर्स बोलणार का? ती स्वतः फोन करणार, की आपण केल्यावरच उचलणार? पाठवलेला फोटो किती तासांत बघितला जाईल, रात्री कोण बघेल? काही खटकलं तर ती थेट आपल्या सर्जनच्या टीमशी बोलू शकते, की फक्त 'डॉक्टरांना दाखवा' म्हणते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी ती सेवा घेणार नाही, मग अ‍ॅप कितीही देखणं असो.

आणि सेवा किती दिवसांची आहे तेही बघा. अनेक ठिकाणी ती टाके निघाले की संपते. वास्तविक तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात भेटायला येणारे थांबलेले असतात, झोप अजून बसलेली नसते, गुडघा रोज एखाद-दोन अंशांनीच पुढे सरकतो, आणि 'उगाच केलं ऑपरेशन' हे वाक्य मला सर्वांत जास्त त्याच दिवसांत ऐकू येतं. तेव्हा जखम बघायची नसते, हात लावायचे नसतात. कोणीतरी फोन करून आज किती वाकला विचारायचं असतं, आणि मागच्या आठवड्यातला आकडा वहीत बघून सांगायचं असतं की तो ८८ होता.