दक्षिण मुंबईत एकच जेवण: वाफवलेला मासा, डिमसम की चहाच्या पानांची कोशिंबीर?

फोर्टात चायनीज जेवायला बसा, कुलाब्यात बसा, नाहीतर कफ परेडला. आपली ऑर्डर ठरलेली असते: मंचाव सूप, मंचुरियन, हक्का नूडल्स आणि शेवटी सगळ्यांत मिळून एक ट्रिपल राइस. या पदार्थांवर माझंही मनापासून प्रेम आहे. पण ते नाक्यावरच्या गाडीवर, त्या भडकलेल्या शेगडीवर जास्त चांगले होतात. मंचुरियन तर मुंबईचंच. १९७५ मध्ये नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकनचे तळलेले तुकडे आलं, लसूण आणि हिरव्या मिरचीत परतले, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉरने रस्सा दाट केला, अशी त्याची सर्वमान्य जन्मकथा. तेव्हा मंचुरियनसाठी टॅक्सीभाडं खर्चू नका. पैसे आणि वेळ मोडून एवढ्या लांब जाताय, तर घरी जमत नाही आणि गाडीवर मिळत नाही ते मागवा.

मासे खाणारी मंडळी असतील तर माझं मत कुलाब्याला. रिगल सिनेमाच्या मागे, महाकवी भूषण मार्गावर लिंग्स पॅव्हिलियन आहे. आत छोटासा पूल, पुलाखाली पाणी, पाण्यात मासे. लहान मुलं तिथून हलत नाहीत. इथे अख्खा मासा वाफवून मागवायचा. आपल्याकडे मासा म्हणजे हळद-मीठ-आगळ लावलेला, मग तव्यावर नाहीतर कालवणात. कँटोनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या, पद्धतीत यातलं काहीच नाही. मासा नुसत्या वाफेवर शिजतो. वर आल्याच्या बारीक काड्या आणि कांद्याची हिरवी पात ठेवतात, थोडा सोया घालतात आणि त्यावर कडकडीत तापलेलं तेल ओततात. पात जागच्या जागी मऊ पडते, आल्याचा उग्रपणा जातो आणि वास तेवढा उरतो.

आई कोकणातली. पहिल्यांदा हे ताट समोर आलं तेव्हा ती म्हणाली, ‘हा तर आजाऱ्याचा मासा.’ मग काट्यालगतचं मांस तिने चमच्याच्या टोकाने उचलून पाहिलं. ते अलगद सुटलं, पण पिठूळ नव्हतं. त्यानंतर तिने डोकं स्वतःच्या ताटात घेतलं आणि गालाचं मांस काढून मला वाढलं. लपायला मसालाच नसला की मासा शिळा असून चालत नाही. पहिल्या घासाला कळतं. म्हणून ‘आज कोणता मासा चांगला आलाय?’ हे वेटरला आधी विचारा. जिताडा असेल तर पापलेटाच्याही आधी तो घ्या, त्याचं मांस जाड असतं आणि पाकळ्यांसारखं सुटतं. भाव वजनावर असेल तर तोही तेव्हाच विचारून घ्या. सोबत साधा भात हवा, फ्राइड राइस नको. बशीच्या तळाशी तेल, सोया आणि माशाचं पाणी यांचा जो रस जमतो, तो त्या पांढऱ्या भातावर घालून खायचा असतो. या पदार्थाला चारजण तरी पाहिजेत. दोघांत अख्खा मासा संपतो, पण मग दुसरं काही चाखायला पोटात जागा उरत नाही.

दोघंच असाल, आणि तेही दुपारी, तर डिमसम, म्हणजे टोपल्यांतून येणारे छोटे छोटे वाफवलेले चिनी पदार्थ. सीएसएमटीहून चालत जाता येईल अशा अंतरावर, स्टर्लिंग सिनेमाच्या मागच्या बाजूला रॉयल चायना आहे. तिथे हार गाव मागवा, म्हणजे कोळंबीची पारदर्शक मोमोसारखी पुरचुंडी. मोमो म्हटलं खरं, पण जवळचं नातं आपल्या उकडीच्या मोदकाशी आहे. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो ना, त्याच गव्हाच्या सत्त्वाचं पीठ यात असतं. त्यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात, पातळ पारी करतात आणि कळ्या पाडतात. सातापेक्षा कमी कळ्या कँटोनी आचाऱ्याला कमीपणाच्या वाटतात. टोपलीचं झाकण उघडलं की कोळंबीची गुलाबी छटा पारीतून दिसली पाहिजे. काड्यांनी उचलताना पारी फाटता कामा नये, आणि दाताखाली कोळंबी कचकन तुटली पाहिजे. चुंग फनही घ्या: तांदळाच्या पिठाची वाफवलेली तलम चादर, सुरळीच्या वडीसारखी गुंडाळलेली, वरून गोडसर सोया. आपल्या तांदूळ खाणाऱ्या जिभेला ते लगेच पटतं.

एक मात्र सांभाळा. सगळ्या टोपल्या एकदम मागवू नका. एका ठिकाणी आम्ही सहा प्रकार एकत्र सांगितले आणि ते सहाही एकदम टेबलावर आले. चौथ्या टोपलीपर्यंत पारी चामट झाली होती. दोन मागवा, संपवा, मग पुढच्या दोन. मध्ये चहा प्या, बिनदुधाचा. कँटोनी लोक या खाण्याला ‘याम चा’, म्हणजे चहा पिणं, असंच म्हणतात आणि ते सकाळ-दुपारचं खाणं आहे. रात्रीच्या जेवणाला डिमसम अपुरं वाटतं आणि बिल मात्र फुगतं.

टेबलावर एकही शाकाहारी माणूस असेल तर वाद नको, फोर्टातल्या बर्मा बर्मा या बर्मी रेस्टॉरंटात जा. २०१४ पासून आहे, पूर्ण शाकाहारी आहे. मावशीला ‘यात काय आहे गं?’ म्हणून दर पदार्थाला विचारावं लागत नाही, हे सुख फार मोठं आहे. कारण बाकीच्या ठिकाणी भाज्यांच्या पदार्थांतही ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस शिरलेला असू शकतो. ‘व्हेज’ एवढं म्हणून भागत नाही, या दोन सॉसची नावं घेऊन ‘नको’ म्हणावं लागतं.

इथे सगळे खाव स्वे मागवतात. तो चांगलाच असतो: नारळाच्या दुधाच्या रश्शात नूडल्स, वरून तळलेला कांदा-लसूण, लिंबू, तिखट, शेंगदाणे, ज्याने त्याने आपल्या हाताने घालायचं. मूळ बर्मी रस्सा दाट करायला चण्याच्या डाळीचं पीठ वापरतात, त्यामुळे त्याची चव आपल्याला परकी वाटत नाही. पण मी आधी चहाच्या पानांची कोशिंबीर सांगेन, बर्मी नाव लफेट थोक. चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून, महिनोन्‌महिने आंबवतात. ती कोबी, टोमॅटो, तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ आणि तळलेल्या लसणीबरोबर कालवतात. पहिला घास कुरकुरीत, भेळेसारखा. मग मागून चहाचा कडवट-आंबट तुरटपणा येतो आणि जिभेवर बराच वेळ राहतो. ही चव मला दुसऱ्या कशात सापडलेली नाही. फक्त रात्री उशिरा खाऊ नका, चहा शेवटी चहाच, झोप उडवतो. खाव स्वे पोटभरीचा आहे, तेव्हा दोघांत एक वाटी आणि एक कोशिंबीर पुरे.

कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं थाय पॅव्हिलियन या यादीत सगळ्यांत महाग पडेल, म्हणून ते वाढदिवसासाठी राखून ठेवा. गेलातच तर सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, घ्या, पण शाकाहारी असाल तर त्यात फिश सॉस घालू नका असं आधी सांगा. ग्रीन करी आता कुठेही बरी मिळते, तिच्यासाठी इतका खर्च नको.

माझ्यापुरतं विचाराल तर पहिला मान माशाला, आणि बर्मी कोशिंबीर त्याच्या अगदी मागोमाग. पण जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा अख्ख्या माशाचा हट्ट मी धरत नाही. पावसाळ्यात थेट फोर्ट गाठते, भर पावसात दुपारचं डिमसम नाहीतर गरम खाव स्वे, आणि कुलाबा नारळी पौर्णिमेनंतर.